जांभ्याच्या भिंतीतील फडताळात होम थिएटर: शहापुरातील एका घराचे प्रकरण

बेळगावच्या शहापूर भागातील जुनी घरे आतून पाहिली, तर दोन गोष्टी सहसा सगळीकडे आढळतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंती ही पहिली आणि त्या भिंतींतच कोरून घेतलेली फडताळे, कोनाडे व दिवळ्या ही दुसरी. प्रस्तुत प्रकरण अशाच एका घरातील आहे. घराच्या पुढच्या सोप्याचे आता बैठकीच्या खोलीत रूपांतर झाले असून तेथे मोठा टीव्ही, पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा संच बसवायचा होता. सगळी उपकरणे सोप्याच्या मधल्या भिंतीतील फडताळात जावीत, टीव्हीखाली टेबल नसावे आणि वायर कोठेही दिसू नये, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. फडताळ आधीपासूनच असल्यामुळे सुताराकडून त्या मापाचा प्लायवूडचा खोका करवून घेतला की काम झाले, असा घरमालकांचा समज होता. हा समज कोठे अपुरा ठरला आणि त्यावर कोणता मार्ग काढला, हे येथे मांडले आहे.

मागणीला एक पूर्वेतिहास होता. संच आधी काचेची दारे असलेल्या शोकेसमध्ये ठेवलेला असे. तिच्या पाठीला अखंड प्लाय होता आणि वायरींसाठी रुपयाच्या नाण्याएवढे एकच भोक ठेवले होते. उन्हाळ्यात एखादा चित्रपट अर्ध्यावर आला की रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून स्पीकरांना पुरवणारे मुख्य उपकरण, स्वसंरक्षणासाठी आपोआप बंद पडे, काच उघडून तासभर थांबले की पुन्हा सुरू होई. उपकरणात बिघाड असावा असे घरच्यांना वाटत होते. प्रत्यक्षात उपकरण आपले काम चोख करत होते, त्याला हवा मिळत नव्हती एवढेच. जी चूक मोकळ्या शोकेसमध्ये घडली, तीच भिंतीच्या पोटात घडली असती तर परिणाम अधिक वाईट झाला असता, कारण दगडात बसवलेल्या खोक्याला कडेनेही उष्णता बाहेर टाकता येत नाही.

भिंत आणि तिचे माप

फडताळ असलेली भिंत सोपा आणि जिन्याची खोली यांच्या मधोमध आहे. चिरे १५ इंच जाडीचे असून दोन्ही बाजूंचा गिलावा धरून भिंतीची एकूण जाडी ४०५ मि.मी. भरली. फडताळाची रुंदी ७६० मि.मी., उंची १,०५० मि.मी. आणि खोली अवघी २३० मि.मी. होती. त्याचा तळ जमिनीपासून ६०० मि.मी. वर होता. जोडकाम मातीचे असून त्यावर चुन्याचा गिलावा होता. वरच्या मजल्याच्या तुळया याच भिंतीवर टेकलेल्या होत्या, म्हणजे ही भिंत नुसती आडोशाची नाही, भार वाहणारी आहे.

आता रिसीव्हरकडे पाहू. बाजारातील बहुतेक रिसीव्हरची रुंदी ४३५ मि.मी.च्या आसपास असते, उंची १५० ते १७० मि.मी. आणि पुढच्या बटणांपासून मागच्या खाचांपर्यंतची खोली ३२० ते ३८० मि.मी. कमी उंचीचे, ज्यांना बाजारात ‘स्लिम’ म्हणतात असे नमुनेही मिळतात, परंतु त्यांची उंची तेवढी कमी असते, खोली साधारण तेवढीच राहते. त्यामुळे या फडताळात कोणताही रिसीव्हर बसणे शक्य नव्हते. हे माप टेप लावल्यावर दोन मिनिटांत कळते, आणि तरीही अनेक घरांत सुतार काम उरकून गेल्यावरच ते लक्षात येते.

गवंडीकामासाठी आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी भिंतीवर हातोड्याची पाठ ठोकत पहिला प्रश्न विचारला तो असा: “आत काय ठेवूलाय ते आधी सांगा, मग फोडतो.” कामाचा क्रम असाच असायला हवा. भिंतीतल्या कपाटाचे माप उपकरणाच्या पुढच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. उपकरणाच्या मागे किती प्लग येणार, वायर किती गोलाईने वळणार, तापलेली हवा कोठून निघणार आणि दुरुस्तीच्या वेळी माणसाचा हात कोठून आत जाणार, या चार गोष्टींवरून ते ठरते. म्हणून आम्ही आराखडा मागून पुढे काढत आलो. सोप्यातून कपाट कसे दिसेल हा प्रश्न सर्वांत शेवटी घेतला.

घरच्यांनी दुसरी एक जागा सुचवली होती, ती म्हणजे टीव्हीच्या खालची पश्चिमेकडची बाहेरची भिंत. वायरींचे अंतर वाचले असते हे खरे, परंतु जांभा सच्छिद्र असतो आणि बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाचा मारा प्रामुख्याने याच दिशेने होतो. त्या भिंतीला आतून हात लावला तरी पावसाळ्यातील ओल जाणवते. तेथे भिंत कोरून आणखी पातळ करणे आणि त्या खोबणीत विजेची उपकरणे ठेवणे हा विचार पुढे नेण्याजोगा नव्हता.

आरपार कपाटाचा निर्णय

मधल्या भिंतीच्या पलीकडे जिन्याखालची अडगळीची जागा होती आणि फडताळाच्या बरोबर मागे माणूस वाकून उभा राहू शकेल एवढी उंचीही होती. फडताळाची पाठ काढून कपाट आरपार करायचे, सोप्याच्या बाजूने ते भिंतीशी सपाट ठेवायचे आणि जादा खोली जिन्याखाली बाहेर काढायची, असे ठरले. यामुळे मागच्या बाजूलाही झडप मिळाली आणि प्रत्येक प्लग समोरून उपकरण न हलवता काढता-घालता येऊ लागला.

खोलीचा हिशेब असा केला. रिसीव्हरसाठी ३७५ मि.मी. खोलीची फळी. तिच्या पुढे दारापर्यंत ४० मि.मी. मोकळी जागा, म्हणजे आवाजाची गोल कळ दाराला घासणार नाही. फळीच्या मागे झडपेपर्यंत ९० मि.मी., कारण चित्र व आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीचा प्लग आणि त्यापुढचे तिचे वळण यांना एवढी जागा लागते, आणि ती वायर दाबून वळवली की काही महिन्यांत चित्र अधूनमधून जाऊ लागते. हे मिळून आतली खोली ५०५ मि.मी. झाली. पुढचे दार आणि मागची झडप धरून एकूण ५४३ मि.मी., म्हणजे जिन्याखाली सुमारे साडेपाच इंच खोका बाहेर आला.

रुंदीत दोन्ही बाजूंना हवेसाठी थोडी जागा ठेवून आतले माप ५५० मि.मी. धरले. १८ मि.मी. प्लायच्या दोन बाजू मिळवल्यावर ते ५८६ झाले आणि बसवताना लागणाऱ्या सैलपणासह ६०० मि.मी. फडताळ ७६० मि.मी. रुंद असल्यामुळे १६० मि.मी.ची उभी पट्टी शिल्लक राहिली. ती विटांनी भरून टाकावी असे सुतार म्हणत होते. तसे न करता ती वायरींच्या पाइपांसाठी राखली आणि जिन्याखालच्या बाजूने तिला स्क्रूने निघणारे झाकण दिले. माझ्या मते या सबंध कामातील सर्वांत उपयोगी जागा हीच आहे.

उंचीत खालून वर चार खण केले. प्लगपट्टी आणि विजेच्या जोडण्यांसाठी २०० मि.मी., सेट-टॉप बॉक्ससाठी १२०, ब्लू-रे प्लेअरसाठी १२० आणि सर्वांत वर रिसीव्हरसाठी ३३० मि.मी. जड वस्तू खाली ठेवावी ही सुतारकामातील नेहमीची रीत असली, तरी येथे रिसीव्हर मुद्दाम वर ठेवला. तो सर्वांत जास्त तापतो आणि खाली ठेवल्यास त्याची उष्णता वरच्या प्रत्येक उपकरणाला शेकत जाते. त्याचे दहा-बारा किलो वजन ५५० मि.मी. लांबीच्या १८ मि.मी. फळीला पेलते.

भिंत फोडण्याचे काम

फडताळावर लाकडी लिंटेल, म्हणजे उघडीच्या वरचा भार पेलणारी आडवी पट्टी होती. घरच्यांचा युक्तिवाद असा होता की आधार आहेच, मागचा पातळ थर तेवढा काढायचा. परंतु ते लिंटेल फक्त फडताळाच्या २३० मि.मी. खोलीपुरतेच होते. त्यामागचा दगडाचा थर त्याच्यावर टेकलेला नव्हता, तो स्वतःच्या पायावर खालपासून वरपर्यंत उभा होता आणि आपल्या वाट्याचा भार स्वतः खाली नेत होता. तो काढला असता तर त्याच्या वरचे चिरे अधांतरी राहिले असते. शिवाय लाकडाच्या डाव्या टोकाला खिशातला चाकू टोचून पाहिला, तर पाते मुठीपर्यंत आत गेले. बाहेरून तेलपाणी केलेले, गुळगुळीत दिसणारे लाकूड आतून वाळवीने पोखरले होते आणि गिलावा खरवडल्यावर मातीच्या बारीक नळ्या वरच्या तुळईच्या दिशेने गेलेल्या दिसल्या. तुळईचे टोक मात्र अजून शाबूत होते.

उघड्या भागावरील भाराबाबत एक ठोकताळा आहे. चांगल्या जोडकामात उघडीच्या रुंदीवर समभुज त्रिकोण कल्पिला, तर त्या त्रिकोणातील दगडांचे वजनच प्रामुख्याने लिंटेलवर येते आणि त्यावरचा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना वळतो. येथे ७६० मि.मी. रुंदीवर हा त्रिकोण सुमारे ६६० मि.मी. उंचीचा होतो आणि तुळई त्याच्याही बरीच वर होती. कागदावर त्यामुळे चिंतेचे कारण नव्हते. परंतु हा ठोकताळा चुना किंवा सिमेंटच्या एकजीव जोडकामासाठी ठीक आहे, मातीचे सांधे भुसभुशीत झालेल्या भिंतीत भार असा शिस्तीने वळेल याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी तुळयांखाली दोन्ही बाजूंनी टेकू दिले आणि नव्या लिंटेलचे मापही वरचा भार धरूनच ठरवले.

दोन लिंटेल अंगणात जमिनीवरच ओतून घेतली आणि दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवली. प्रत्येकाची लांबी १,०६० मि.मी., म्हणजे उघडीच्या दोन्ही बाजूंना १५० मि.मी. टेकण, आणि जाडी १०० मि.मी. मागच्या थरासाठी १५० मि.मी. रुंदीचे आणि पुढच्यासाठी २०० मि.मी. रुंदीचे. मागच्याचे वजन ४० किलोच्या आसपास आणि पुढच्याचे ५० किलोच्या वर जाते, त्यामुळे दोन माणसांना ते उचलून खाचेत सरकवता येते. एकाच जाड लिंटेलऐवजी दोन केल्याचा मुख्य फायदा असा की भिंत एका वेळी अर्ध्याच जाडीत कोरावी लागते आणि उरलेली अर्धी तोवर भार धरून राहते.

प्रथम जिन्याखालच्या बाजूने मागच्या थरात खाच पाडून लिंटेल सरकवले. त्याच्या वरची फट एकास तीन प्रमाणाच्या, जेमतेम ओलसर मालाने ठासून भरली. माल पातळ असेल तर तो वाळताना आकसतो आणि वरचा चिरा पुन्हा अधांतरी राहतो, त्यामुळे येथे मूठ दाबली तर गोळा व्हावा एवढेच पाणी हवे. सात दिवसांनी पुढचे पोखरलेले लाकूड काढून दुसरे लिंटेल बसवले, आसपासच्या सांध्यांत वाळवीचे औषध सोडले आणि तेही पक्के झाल्यावरच मधले चिरे काढायला घेतले. इलेक्ट्रिक ब्रेकर वापरू दिला नाही. त्याच्या धक्क्यांनी मातीचे सांधे दूरवर सुटतात. जांभा छिन्नीला चांगला वश होतो, मिस्त्रींनी एकेक चिरा सांध्यापासून मोकळा करून अखंड बाहेर काढला, आणि त्यांतलेच काही पुढे परसातल्या कट्ट्याला लागले. लाल धूळ मात्र प्लास्टिकचा पडदा बांधूनही घरभर गेली. उपकरणे तोवर दुसऱ्या घरी ठेवली होती ते बरे झाले, कारण ही बारीक धूळ पंख्यात आणि खाचांत बसली की सहज निघत नाही.

हे सर्व गवंडीकाम दिवाळीनंतर हाती घेतले होते. पावसाळ्यात ओलावलेल्या भिंतीत प्लायवूड बसवले की ते वर्षभरात फुगते. मार्च-एप्रिलपर्यंत भिंत पुरती सुकली आणि वळवाच्या आधी खोका बसला.

खोका, दार आणि हवा

खोक्यासाठी आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे १८ मि.मी. प्लाय घेतले. साधे प्लाय स्वस्त पडते, परंतु जांभ्याला लागून असलेल्या कामात ती बचत टिकत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर लावला, कारण ओल पृष्ठभागापेक्षा कडेतूनच अधिक शिरते. खोका आणि दगड यांच्यातील सात मिलिमीटरची फट फोमने न भरता मोकळी ठेवली आणि दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावून वर सागवानी पट्टी मारली. फट मोकळी राहिल्याने लाकडाला दगडाची ओल थेट लागत नाही. जाळीचे कारण वेगळे आहे: उपकरणांच्या उबेला पाली येतात आणि त्यांच्यामुळे सर्किट बोर्ड निकामी होण्याचे प्रकार दुरुस्तीवाल्यांना नवे नाहीत.

पुढच्या दाराबाबत घरात बरीच चर्चा झाली. धाकट्या भावांना उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून छिद्रांचा पत्रा कापून आणून काळ्या रंगाचे आधुनिक दिसणारे दार हवे होते. ३ मि.मी. व्यासाची छिद्रे ५ मि.मी. अंतरावर तिरक्या ओळींत पाडली, तर पत्र्याचा सुमारे ३३ टक्के भाग मोकळा राहतो, म्हणजे हवेच्या दृष्टीने तो पर्याय वाईट नव्हता. अडचण वेगळी होती. असा पत्रा वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचे संदेश अडवतो आणि रिमोटचा अवरक्त किरणही त्यातून नीट आत जात नाही. थोरल्या वहिनींनी सुचवलेले वेताच्या विणीचे दार शेवटी स्वीकारले. सागवानी चौकटीत वेताची जाळी आणि तिच्या मागे स्पीकरवर लावतात तसले विरळ काळे कापड. यातून रेडिओ लहरी जातात, रिमोट चालतो, हवाही जाते. पावसाळ्यात वेत थोडा सैल पडतो आणि थंडीत पुन्हा ताणला जातो, हा त्याचा दोष मान्य करूनच तो घेतला. राउटर तरीही कपाटात ठेवला नाही. दगडाच्या भिंतीच्या पोटातून वाय-फाय घरभर पोहोचेल ही अपेक्षा फोल आहे, म्हणून तो जिन्याच्या खोलीत उंचावर लावला.

हवेचा मार्ग हा या कपाटाचा गाभा आहे. फडताळाच्या उंचीत खोक्याखाली जागा उरत होती, तेथे समोरून जाळी लावून गार हवा आत घेतली. ती फळ्यांच्या पुढच्या ४० मि.मी. जागेतून वर चढते, प्रत्येक खणात शिरते, उपकरणावरून मागे जाते आणि मागच्या ९० मि.मी. जागेतून वर येऊन झडपेच्या वरच्या भागातील पंख्यांमधून जिन्याखाली बाहेर पडते. फळ्या मुद्दाम भिंतीपासून भिंतीपर्यंत न नेता मधे तोडल्या त्या याचसाठी.

पंखे किती लागतील याचा अंदाज बांधता येतो. घरगुती आवाजात अँप्लिफायर जितकी वीज ओढतो तिच्यातील बहुतेक उष्णतेतच जाते, ध्वनी होऊन बाहेर पडणारा वाटा फार थोडा असतो. सगळी उपकरणे मिळून १५० वॅट उष्णता धरली आणि कपाटातील हवा खोलीपेक्षा ८ अंशांहून अधिक तापू द्यायची नाही असे ठरवले, तर तासाला सुमारे ५६ घनमीटर हवा खेळती राहिली पाहिजे. संगणकात असतो तसला १२० मि.मी.चा एक पंखा मोकळ्यावर हे काम सहज करतो. परंतु जाळी, कापड आणि वळणे यांमुळे त्याची ताकद बरीच घटते आणि पूर्ण वेगात त्याची घरघर चित्रपटातील शांत प्रसंगांत ऐकू येते. म्हणून दोन पंखे मंद वेगाने, ३५ अंशांना सुरू होणाऱ्या थर्मोस्टॅटवर लावले. मे महिन्यात खोलीत ३१ अंश असताना दोन तासांचा चित्रपट पाहून झाल्यावर रिसीव्हरच्या वरच्या हवेचे तापमान ३९ अंश भरले. पूर्वीच्या शोकेसमध्ये याच वेळेत रिसीव्हर बंद पडत असे.

जिन्याखालची जागा बंद राहिली तर ती स्वतःच तापेल, हे उघड होते. तिच्या दाराला खाली आणि वर लाकडी झरोके पाडून घेतले.

वायरी आणि वीज

सोप्याच्या एका कोपऱ्यात देवघर आहे आणि त्याच्या भिंतीला छिन्नी लावायची नाही, असे काकूंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यामुळे पाइपांचा मार्ग थोडा लांबला. भिंतीलगतच्या शहाबादी फरशीची एक ओळ उचलून तिच्याखाली ५० मि.मी. व्यासाचे दोन पीव्हीसी पाइप टाकले आणि फरशी पुन्हा जागच्या जागी बसवली. नेहमीच्या वायरिंगमधील २५ मि.मी. पाइप येथे चालत नाही. एचडीएमआयचा प्लग वेष्टणासह साधारण २० मि.मी. रुंद असतो, तो आत अडकतो आणि वळणावर तर मुळीच सरकत नाही. वळणांसाठी काटकोनी एल्बो न वापरता पाइप गरम करून लांब गोलाई दिली.

कपाटापासून टीव्हीपर्यंत मार्ग आठ मीटरच्या घरात गेला. ४के चित्रासाठी साध्या तांब्याच्या एचडीएमआय वायरीवर पाच मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये, म्हणून आत प्रकाशतंतू असलेली वायर घेतली. या वायरीला दिशा असते, उपकरणाचे टोक आणि टीव्हीचे टोक वेगळे असून त्यांवर तशी खूण असते. ती उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि सगळा दोष उगाच टीव्हीवर जातो. पाइपात घालण्यापूर्वी वायर जमिनीवर पसरून चालवून पाहावी, एवढी सावधगिरी पुरते.

स्पीकरच्या वायरींबाबत दुकानात महागड्या वायरी दाखवल्या जातात. त्यांची गरज नाही, जाडी मात्र हिशेबाने घ्यावी. मागच्या स्पीकरांपर्यंत १५ मीटर अंतर होते. तेवढ्यावर १.५ चौरस मि.मी.च्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.४ ओहम होतो, २.५ चौरस मि.मी.च्या वायरीचा पाव ओहमच्या आत राहतो. सहा ओहमच्या स्पीकरला रोध पाच टक्क्यांच्या, म्हणजे ०.३ ओहमच्या आत हवा, म्हणून मागे २.५ आणि पुढे १.५ घेतली. विजेचा पाइप उजव्या बाजूने वेगळा आणला. तो स्पीकरच्या व संदेशाच्या वायरींना समांतर जाऊ दिला नाही, जेथे ओलांडणे भाग होते तेथे काटकोनात ओलांडले.

घरातील जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार फक्त स्वयंपाकघरापर्यंत होती. सोप्यातील तीन पिनांच्या सॉकेटला तिसरे भोक नुसते नावाला होते. संच बसवण्यापूर्वी परसात नवा अर्थिंगचा खड्डा घेऊन कपाटासाठी मीटरच्या पेटीपासून २.५ चौरस मि.मी.ची स्वतंत्र जोडणी, तिला जादा प्रवाहावर वीज तोडणारा एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दिला. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम घरच्या कोणाकडे तरी नेमून द्यावे लागते.

नेमक्या याच महिन्यांत बेळगाव, खानापूर पट्ट्यात वळीव येतो आणि त्याबरोबर विजांचा कडकडाट. लाटेचा धक्का मुख्य वायरीतूनच येतो अशी समजूत असल्याने लोक स्टॅबिलायझर घेऊन निश्चिंत होतात. स्टॅबिलायझर व्होल्टेजचे चढउतार सावरतो, विजेच्या लाटेसाठी पेटीत सर्ज संरक्षक लागतो, आणि तो बसवला. दुसरी वाट गच्चीवरच्या डिशच्या वायरीची असते, जी सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयमार्गे थेट रिसीव्हरपर्यंत पोहोचते. त्या वायरीला घरात शिरण्याच्या जागी अर्थिंगची जोड दिली. इंटरनेटची वायर प्रकाशतंतूची असल्याने तिच्याकडून हा धोका नव्हता. घरचा इन्व्हर्टर फक्त राउटरला जोडला, रिसीव्हर त्यावर घेतला नाही.

वापरातून दिसलेल्या गोष्टी

पहिला पावसाळा गेल्यावर मागची झडप उघडून पाहिली. प्लायच्या कडा कोरड्या होत्या, लिंटेलखाली गिलाव्याला तडा नव्हता आणि वाळवीच्या नव्या नळ्या दिसल्या नाहीत. वेताचे दार अपेक्षेप्रमाणे किंचित सैल झाले होते. थोरल्या भावांची तक्रार वेगळीच होती: पंखे ऐकू येत नाहीत, मग ते चालू आहेत हे कळायचे कसे? ती रास्त आहे, कारण थर्मोस्टॅट बिघडला तर रिसीव्हर बंद पडेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. पंख्यांच्या जोडणीवर एक छोटा दिवा लावून तो सोप्यातून दिसेल असा वरच्या पट्टीत बसवून दिला.

अधिक गंभीर गोष्ट जिन्याखाली घडली होती. ती जागा मूळची अडगळीची असल्याने आम्ही गेल्यानंतर तेथे छत्र्या, कांद्याची पोती आणि जुन्या गाद्या पुन्हा येऊन बसल्या आणि एक गादी थेट पंख्यांच्या तोंडाला टेकली होती. घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, जुन्या घरात रिकामी जागा रिकामी राहत नाही. झडपेपासून फूटभर अंतरावर जमिनीपासून वरपर्यंत लोखंडी जाळीची चौकट उभी केली आणि तिला कडी लावली. गाद्या आता जाळीला टेकतात, पंख्यांना नाही, आणि दुरुस्तीसाठी कडी काढली की चौकट बाजूला होते. नव्याने असे कपाट करणाऱ्यांनी ही चौकट पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी.

फरशीखालच्या दोन पाइपांपैकी एक सध्या रिकामा आहे. धाकट्या भावांचा पुढे प्रोजेक्टर घेण्याचा विचार असल्याने त्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवली असून उंदीर-झुरळे शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना बूच मारले आहे.